स्किझोफ्रेनियात दिसण्याचं काय होतं आणि ते मोजायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मानसशास्त्रात एम.ए. करणारी एक मुलगी लघुप्रबंधासाठी स्किझोफ्रेनिया असलेल्या तीस जणांचा दृष्टिबोध मोजणार आहे, तुलनेला तीस निरोगी माणसं. हाताशी एक लॅपटॉप, एका केंद्रातली खोली आणि चार महिने. ती विचारते, 'कोणत्या चाचण्या घेऊ आणि कमतरता किती आहे हे आकड्यांत कसं मांडू?'

एकेरीत लिहिते, चालेल ना? बावीस वर्षं हे काम करतेय आणि तुझ्या वयाच्या मुलींना अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही.

आधी माझी फजिती ऐक. तुझ्यासारखीच उत्साहात असताना एका संस्थेत आम्ही कॉन्ट्रास्टची चाचणी घेतली होती. म्हणजे फिक्या करड्यावर किंचित गडद पट्टे, ते दिसतात की नाही एवढंच सांगायचं. निकाल बघून आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते, इतका रुग्णांचा आणि निरोगी लोकांचा फरक मोठा. मग एकदा माझे मामेसासरे सहज डोकावले. सगळं आयुष्य रावपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात गेलेलं. त्यांनी खोलीत उभं राहून विचारलं, 'ही खिडकी पश्चिमेची. मंडळींना किती वाजता बसवतेस?' रुग्ण बसायचे दुपारी तीनला, जेवण आणि गोळ्या झाल्यावर. निरोगी म्हणून घेतलेले कारकून आणि विद्यार्थी यायचे सकाळी नऊला, कामावर जायच्या आधी. तीन वाजता स्क्रीनवर उन्हाची तिरीप. 'आणि चष्मे?' चष्मे कुणी विचारलेच नव्हते. बऱ्याच जणांचे घरी होते, काहींचे फुटल्यावर कुणी नवे करून दिले नव्हते. तो सगळा डेटा आम्ही टाकून दिला. पडदे लावून, वेळा सारख्या करून, चष्मे करून पुन्हा मोजलं. फरक उरला, पण लाजत लाजत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी डोळा, मग औषध, मग लक्ष, आणि हे सगळं बाजूला काढून काही शिल्लक राहिलं तर त्याला दृष्टिबोधातला दोष म्हणायचं.

डोळा म्हणजे दूरचं आणि जवळचं, दोन्ही. लॅपटॉपची चाचणी जवळच्या अंतरावर होते, म्हणून चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाचं जवळचं वाचन तपास, स्वतःच्या चष्म्यासकट. अक्षरांचा तक्ता बडोद्यात अडचणीचा ठरतो. एकजण गुजराती वाचतो, दुसरा फक्त बाळबोध, तिसऱ्याची शाळा चौथीत सुटलेली. मी लँडोल्टचं कडं वापरते. एका जागी तुटलेलं वर्तुळ असतं, तुटकी बाजू वर, खाली, डावीकडे की उजवीकडे ते सांगायचं. स्विस नेत्रतज्ज्ञ एडमंड लँडोल्ट यांनी ते १८८८ मध्ये काढलं आणि माझ्या मते अजून त्याच्या तोडीचं निरक्षर माणसाला चालणारं चिन्ह नाही. सुरुवातीला मी सूचना द्यायचे, 'बांगडी कुठे फुटली आहे ते दाखवा.' एका आजींनी कार्ड उलटं करून ठेवलं आणि म्हणाल्या, 'बाई, सवाष्णीला असं विचारू नये. वाढली म्हण.' आता मी कडं म्हणते आणि त्याचं तोंड कुठे आहे ते विचारते. तुला हे क्षुल्लक वाटेल. पण सूचनेवर अडखळलेल्या माणसाचे पहिले दहा प्रयत्न वाया जातात.

औषधांचं तर विचारूच नकोस. हातांची थरथर, जखडलेपणा यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल दिलेलं असतं. त्याने बाहुली मोठी होते, जवळची वस्तू धूसर दिसते. पंचविशीतल्या मुलाला साठीच्या माणसासारखं पुस्तक लांब धरून वाचावं लागतं. क्लोरप्रोमाझीन वर्षानुवर्षं घेतलेल्यांच्या नेत्रभिंगात आणि पारपटलात कण साठू शकतात. थायोरिडाझीन मोठ्या मात्रेत दृष्टिपटलाला अपाय करतं, म्हणून जुन्या रुग्णाला 'पूर्वी कोणती गोळी होती' हेही विचारायचं. ओलान्झापीन आणि क्लोझापीनने वजन आणि साखर वाढते. मधुमेह दृष्टिपटलापर्यंत पोचला असेल तर तुझी कॉन्ट्रास्टची चाचणी मेंदूचं काहीच सांगत नाही, साखरेचं सांगते.

आणखी एक गंमत आहे. दृष्टिपटलात डोपामीन हे निरोप पोचवणारं रसायन असतं आणि कॉन्ट्रास्ट ओळखण्यात त्याचा हात असतो. आपली औषधं डोपामीनच अडवतात. हंगेरीत सेगेदच्या साबोल्च केरी यांच्या गटाला औषध सुरू व्हायच्या आधीच्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या लोकांमध्ये कॉन्ट्रास्टची संवेदनशीलता वाढलेली आढळली होती, आणि जुन्या, औषधावरच्या रुग्णांत ती घटलेली असते हे अनेकांना आढळलं आहे. म्हणजे एकाच आजारात दिशाच उलटी. म्हणून प्रत्येकाची मात्रा लिहून ठेव, ती क्लोरप्रोमाझीनच्या मापात, म्हणजे तेवढ्याच ताकदीला क्लोरप्रोमाझीन किती लागेल त्यात, बदलून घे आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही टिप.

आता मुख्य प्रश्नाकडे. स्किझोफ्रेनियात दिसण्याचं नेमकं काय होतं?

हा शोध नवा नाही. १९०८ मध्ये डिफेनडॉर्फ आणि डॉज यांनी मनोरुग्णांच्या डोळ्यांच्या हालचाली फोटोग्राफीच्या पट्टीवर टिपल्या, आणि हलत्या लंबकामागे काहींची नजर एकसंध न फिरता धक्क्याधक्क्याने जाते हे दाखवलं. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी ते पुन्हा पुढे आणलं. पुढच्या पन्नास वर्षांत बऱ्याच गोष्टी मोजल्या गेल्या. मोठ्या, पसरट आकृत्यांचा मंद कॉन्ट्रास्ट ओळखणं, ज्यावर न्यूयॉर्कच्या पामेला बटलर आणि डॅनियल जॅव्हिट यांनी खूप काम केलं. वेग आणि दिशा ओळखणं. एका चित्रापाठोपाठ पटकन दुसरं आलं की पहिलं पुसलं जाणं, ज्याला मास्किंग म्हणतात आणि ज्यावर लॉस एंजेलिसच्या मायकल ग्रीन यांचा गट अनेक दशकं काम करतोय. विखुरलेल्या तुकड्यांतून आकार जुळवणं. आणि आजूबाजूच्या संदर्भाचा मधल्या वस्तूवर होणारा परिणाम.

यातली जुळवाजुळव आपल्याकडच्या बायकांना समजवायला फार सोपी आहे. ठिपक्यांची रांगोळी घे. रेघा ओढायच्या आधीच तुला ठिपक्यांत कमळ दिसतं की नाही? आता प्रत्येक ठिपक्याच्या जागी छोटी तिरकी रेघ आहे असं समज. कमळाच्या कडेवरच्या रेघा एकमेकींच्या ओळीत आहेत, बाकीच्या कशाही वळलेल्या. तरी कड दिसते. मग कडेवरच्या रेघा थोड्या थोड्या वळवत जा, सात-आठ अंश, नऊ-दहा, अकरा-बारा. एका टप्प्यावर कमळ गर्दीत विरघळून जातं. स्टीव्हन सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर बसवलेली चाचणी 'जोव्ही' या नावाने ओळखली जाते. त्यात कमळाऐवजी अंड्याचा आकार असतो, टोक डावीकडे की उजवीकडे एवढंच सांगायचं. ज्यांचं बोलणं आणि विचार विस्कळीत असतात त्यांचा आकार लवकर विरघळतो. भास किती होतात यापेक्षा त्या विस्कळीतपणाशी हे नातं जास्त घट्ट आहे.

तर तू जोव्ही घेतलीस, रुग्णांना कमी गुण पडले, आणि तू लिहिलंस 'आकार जुळवण्यात कमतरता'. इथेच मी तुला थांबवीन.

स्किझोफ्रेनिया असलेली माणसं जवळजवळ प्रत्येक चाचणीत थोडी मागे पडतात. शब्द आठवण्यात, बेरजेत, बटण दाबण्यातही. झोप नीट नाही, गोळीची गुंगी, आतले आवाज, 'मला इथे कशाला बसवलं' ही शंका. लॉरेन आणि जीन चॅपमन या जोडप्याने १९७३ मध्ये याचा कडू हिशेब मांडला. समज, एका अवघड चाचणीत निरोगी लोकांना ७५ टक्के आणि रुग्णांना ६० टक्के मिळाले. दुसऱ्या सोप्या चाचणीत ९८ आणि ९५. तुला वाटेल, पहिल्या कामात खरा दोष आणि दुसऱ्यात नाही. पण दुसरी चाचणी इतकी सोपी आहे की कुणालाही खाली पडायला जागाच नाही. फरक माणसांचा आहे की चाचणी किती ताणते याचा, हे त्या आकड्यांतून कळतच नाही. आपल्याकडचे किती तरी लघुप्रबंध या एका हिशेबावर कोसळतील.

लक्ष उडण्याचा हिशेब तर तू स्वतः कागदावर मांडून बघ. शंभर चित्रं दाखवलीस, दोनपैकी एक उत्तर निवडायचं आहे. त्यातल्या दहा वेळा माणसाचं मन बाहेर गेलं. त्या दहांत तो नाणेफेक करतो, पाच बरोबर येतात, पाच चुकतात. म्हणजे सगळी चित्रं अगदी सोपी असली तरी त्याला ९५ च्या वर जाता येणार नाही. त्यात तू जिन्याची पद्धत वापरणार, लागोपाठ दोन बरोबर आली की अवघड करायचं, एक चुकलं की सोपं. ही पद्धत माणसाला सुमारे ७०.७ टक्के बरोबर उत्तरं येतील त्या पायरीवर नेऊन सोडते. पण लक्ष उडून झालेली प्रत्येक चूकही त्याला एक पायरी खाली ढकलते, आणि शेवटी तू जो आकडा त्याच्या डोळ्यांचा उंबरठा म्हणून लिहितेस, त्यात खिडकीबाहेरच्या फेरीवाल्याचाही वाटा असतो.

यावर एक साधा उपाय आहे, तो टाळू नकोस. दर आठ-दहा चित्रांमागे एक अगदी ढळढळीत चित्र घाल, जे चुकणं शक्यच नाही. तेही चुकलं तर दोष डोळ्यांत नाही. अशी चित्रं किती चुकली हे प्रत्येकासाठी वेगळं मोज, आणि आकडे मांडताना चित्र किती अवघड आणि उत्तरं किती बरोबर हे दाखवणाऱ्या वक्रात तो लक्ष उडण्याचा दर धर. किती चुकल्यावर माणसाचा डेटा वगळायचा, हे डेटा बघायच्या आधी ठरवून वहीत तारखेसह लिही. नंतर ठरवलंस तर मन हवं तिथे रेघ ओढतं, माझंही ओढायचं.

आणि दुसरा उपाय मला या सगळ्या क्षेत्रात सर्वांत आवडतो. जिथे रुग्ण हरतात अशा दहा चाचण्या घेण्यापेक्षा, आजारामुळे ते जिंकावेत अशी एक घे. कंटाळा, गुंगी, निरुत्साह यांनी माणूस हरू शकतो. जिंकू शकत नाही.

भरजरी शालूवर फिक्या छपाईचा सुती रुमाल ठेवला तर त्याची नक्षी आणखी फिकी वाटते. तोच रुमाल साध्या चादरीवर ठेव, नक्षी उठून दिसते. तुझा-माझा मेंदू शेजारच्या झगमगाटाच्या मानाने मधलं दबवतो. लंडनमध्ये स्टीव्हन डेकिन, पॅट्रिशिया कार्लिन आणि डेव्हिड हेम्सली यांनी २००५ मध्ये हेच स्क्रीनवर मोजलं. ठळक नक्षीच्या घेऱ्यात एक फिकं वर्तुळ, त्याचा खरा फिकेपणा ओळखायचा. निरोगी माणसं फसली. स्किझोफ्रेनियाच्या १५ पैकी १२ जणांचं उत्तर निरोगी गटातल्या सर्वांत अचूक माणसाहूनही अचूक निघालं. त्यांच्या मेंदूत शेजाऱ्याचा दाब कमी पडतो, म्हणून ते खऱ्याच्या जवळ जातात. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

अशीच दुसरी गोष्ट तुझ्या घरात असेल. भाद्रपदात गौरी बसतात त्या पितळी मुखवट्याची. लहानपणी आजी चिंचेने मुखवटे घासायला बसवायची. एकदा घासून पालथा ठेवलेला मुखवटा मी पलीकडच्या भिंतीपासून पाहिला आणि दचकले. आतली, खोलगट बाजू माझ्याकडे होती, पण मला नाक पुढे आलेलं दिसत होतं. मी सरकले की तो चेहरा माझ्यामागे वळायचा. आजी म्हणाली, 'देवीचं लक्ष आहे तुझ्यावर, घास नीट.' कितीतरी वर्षांनी कळलं की याला पोकळ मुखवट्याचा भ्रम म्हणतात. आपण आयुष्यभर पुढे आलेलीच नाकं पाहिलेली असतात, म्हणून डोळ्यांनी 'खोल' सांगितलं तरी मेंदू ते मान्य करत नाही. एक डोळा मिटून, दोन-तीन मीटरवरून, एकसारखा उजेड ठेवून बघ. छापील शाडूचा चालणार नाही, त्याची पाठ सपाट असते. पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्र्याचा हवा.

स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांना तो खोलगटच दिसतो. हिंडेर्क एम्रिख यांच्या हानोव्हरच्या गटाने यावर सुरुवातीचं काम केलं. डानाई डिमा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की निरोगी माणसाच्या मेंदूत भ्रमाच्या वेळी वरच्या भागांकडून दृष्टीच्या भागांकडे येणारा जोर वाढतो, रुग्णांत तो तसा वाढत नाही. पुढे ब्रायन कीन, सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांना २०१३ मध्ये आढळलं की हे आजाराच्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरतं. लक्षणं जोरात असताना भ्रम कमी, बरं वाटू लागलं की माणूस पुन्हा आपल्यासारखा फसू लागतो. मी आजीचा मुखवटा एकदा दवाखान्यात नेला होता. एका काकांनी तो पाहताक्षणी म्हटलं, 'अहो, ही तर मागची बाजू, खळगा आहे. उलटा का धरलाय?' माझ्या बाजूला उभी असलेली परिचारिका मात्र 'नाही हो, नाक केवढं पुढे आलंय' म्हणून वाद घालत होती. त्या खोलीत खरं एकालाच दिसत होतं, आणि तो रुग्ण होता.

पण म्हणून मुखवटा घेऊन निदान करायला बसू नकोस. गांजा ओढलेल्याला, रात्रभर जागलेल्यालाही भ्रम कमी होतो. आणि 'काय दिसतं' या प्रश्नाला माणूस आपल्याला काय दिसायला हवं हेही सांगतो. दृष्टीची कोणतीही एक चाचणी स्किझोफ्रेनियाचं निदान करत नाही. कुणी मोबाइलवर तसं काही विकत असेल तर दुर्लक्ष कर.

आता डेकिन यांच्या निकालावर माझा उत्साह थोडा ओसरवते, नाहीतर तू फक्त तोच घेऊन बसशील. २०१२ मध्ये डियाना बार्च आणि अनेक प्रयोगशाळांनी मिळून तीच चाचणी मोठ्या गटावर, ढळढळीत चित्रं घालून घेतली. रुग्णांवरचा शेजारचा दाब कमी निघाला खरा, पण ज्यांचं लक्ष उडत होतं अशांना बाजूला काढल्यावर फरक बराच ओसरला. म्हणजे जिंकण्याच्या चाचणीतही लक्षाचा वाटा उरतोच, तो फक्त लपायला वेगळी जागा शोधतो. सगळेच भ्रम एकाच दिशेने जातात असंही नाही. लोझानच्या मायकल हर्झोग यांच्या गटाने २०१८ मध्ये नेहमीचे अनेक भ्रम तपासले तेव्हा रुग्ण आणि निरोगी यांत फारसा फरक सापडला नाही. त्याच गटाला मास्किंगच्या चाचणीत मात्र, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना, रुग्णांच्या निरोगी भावंडांतही थोडी कमतरता दिसली. तीच माहिती मला जास्त मोलाची वाटते, कारण भावंडं गोळ्या घेत नाहीत.

लॅपटॉपबद्दल. मास्किंग लॅपटॉपवर करायचंच असेल तर लक्षात ठेव, ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची. तुला वीस मिलिसेकंद हवे असतील तर मिळणार नाहीत, १६.७ किंवा ३३.३ घे. मंद कॉन्ट्रास्टसाठी अडचण आणखी मोठी आहे. साधा स्क्रीन उजेडाच्या २५६ पायऱ्या देतो. मधल्या करड्यापासून एक पायरी वर-खाली म्हणजे जवळपास ०.८ टक्के कॉन्ट्रास्ट, आणि निरोगी डोळा अनुकूल आकाराच्या पट्ट्यांत अर्ध्या टक्क्याच्या आसपासही पकडतो. म्हणजे तुझी मोजपट्टी जिथे संपते तिथून पुढे निरोगी माणसाची नजर सुरू राहते आणि दोन्ही गट खोटे सारखे दिसतात. त्यापेक्षा छापील पेली-रॉबसन तक्ता मिळाला तर बघ, १९८८ चा आहे. एक मीटरवरून वाचायचा, अक्षरांचा आकार तोच, दर तीन अक्षरांना कॉन्ट्रास्ट सुमारे १.४ पटीने उतरतो. अक्षरं रोमन आहेत, त्यामुळे सगळ्यांना चालणार नाही. तोंड असलेल्या कड्यांचा तसाच तक्ता मिळाला तर उत्तम. त्याच्यावरचा उजेड सगळ्यांना सारखा ठेव आणि मोजून लिही.

बाकी, स्क्रीनची आपोआप कमी-जास्त होणारी चमक बंद, रात्रीचा पिवळा उजेड बंद, चार्जर लावलेला. सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे. अंतरासाठी ५७ सेंटीमीटरची सुतळी कापून एक टोक स्क्रीनच्या कडेला बांध, दुसरं त्या माणसाला डोळ्याच्या कडेशी धरायला दे. त्या अंतरावर स्क्रीनवरचा एक सेंटीमीटर म्हणजे डोळ्याला एक अंश, सगळा हिशेब तोंडी होतो. माणूस पुढे झुकला की सुतळी सैल पडते, ते तुला बाजूला बसूनही दिसतं.

बडोद्याची खास अडचण सांगते, ही पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षात यायची नाही. जोव्हीत डावं-उजवं सांगायचं असतं. आपली मंडळी घरी मराठी, बाजारात गुजराती. गुजरातीत डाबी म्हणजे डावी आणि जमणी म्हणजे उजवी. एक मावशी प्रत्येक उत्तराआधी ओठांत 'जमणी... म्हणजे उजवी' असं पुटपुटायच्या आणि मगच बटण दाबायच्या. वेळ मोजत असतीस तर त्यांचा दृष्टिदोष भाषेतून जन्मला असता. मी आता डाव्या बटणावर लाल टिकली आणि उजव्यावर हिरवी लावते, स्क्रीनच्या त्या त्या कडेलाही तीच. तोंडी उत्तर घ्यायचंच नाही. आणि सरावाची वीस चित्रं, ती पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. 'बेन, हवे दबावुं?' असं कुणी तिसऱ्यांदा विचारलं तर सराव अजून संपलेला नाही असं समज.

आकड्यांच्या आधी एक काम मात्र कागद-पेनाचं आहे. विचार त्यांना, काय दिसतं. भास वेगळे, मी वस्तू बदललेल्या दिसण्याबद्दल बोलतेय. रंग डोळ्यांत घुसणं, चेहऱ्याचे भाग सुटे दिसणं, वस्तू लहान-मोठी होणं. जर्मनीतल्या बॉनच्या प्रश्नावलीत असे प्रश्न आहेत आणि लक्षणं मोजायच्या आपल्या नेहमीच्या 'पॅन्स' या मोजपट्टीत ते जवळजवळ नाहीतच. एक गृहस्थ माझ्याकडे दोन डोळ्यांचे दवाखाने फिरून आले होते. नजर दोन्ही डोळ्यांनी ६/६. घरचे म्हणत, ढोंग करतो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मांडवीपाशी रस्ता ओलांडताना रिक्षा लांब आहे तोवर थांबलेली वाटते आणि मग एकदम अंगावर असते. पांढऱ्यावरची काळी अक्षरं त्यांनी पटापट वाचली. पण ठिपक्यांच्या गर्दीतून चाललेली दिशा त्यांना इतरांच्या मानाने फार उशिरा उमजली आणि दोन वेगांतला फरकही. ढळढळीत चित्रांत एकही चूक नव्हती. बोस्टनच्या युए चेन आणि होल्झमन यांनी १९९९ मध्ये वेग ओळखण्यातली हीच उणीव दाखवली होती. मी त्यांच्या बायकोला समोर बसवून तो आलेख दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, 'म्हणजे मी दोन वर्षं उगाच ओरडले.' आता ते सिग्नलवरूनच ओलांडतात, मांडवीचा फेरा टाळून.

वॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका गोष्टीबद्दल तू विचारणारच, जन्मांध माणसाला स्किझोफ्रेनिया होत नाही म्हणे. पश्चिम ऑस्ट्रेलियात ४,६७,९४५ मुलांच्या नोंदी तपासल्या, १,८७० जणांना पुढे स्किझोफ्रेनिया झाला, आणि मेंदूच्या कारणाने अंध असलेल्या ६६ जणांत एकालाही नाही. ऐकायला भारी आहे. पण दर हजारी चार या हिशेबाने ६६ जणांत पाव माणसाची अपेक्षा होती. शून्य येणं हे सर्वांत साधं उत्तर आहे. कल्पना रंजक आहे, पण प्रस्तावनेत घालू नकोस, परीक्षक यावरच अडवतील.

तर तुझ्या चार महिन्यांत काय बसेल? माझ्या मते तीनच गोष्टी. कड्यांनी दूरची-जवळची नजर, छापील तक्त्यावर कॉन्ट्रास्ट, आणि ढळढळीत चित्रांसकट जोव्ही. जमलं तर शालू-रुमालाची चाचणी चौथी, म्हणजे एका चाचणीत ते मागे आणि दुसऱ्यात पुढे असा नमुना मिळाला तर परीक्षकांना 'लक्षच नव्हतं' असं सहज म्हणता येणार नाही. मास्किंग सोड, तुझ्या लॅपटॉपवर ते नीट होणार नाही. निरोगी गट निवडताना त्यांच्या स्वतःच्या शिक्षणापेक्षा आई-वडिलांच्या शिक्षणाची जोडी जुळव. आजाराने कॉलेज सुटलेल्या मुलाशी पदवीधराची तुलना करणं अन्यायाचं, आणि त्याच्या बरोबरीने दहावी नापास निरोगी माणूस घेणंही चुकीचं. नैतिकता समितीची परवानगी आधी, संमती मराठी आणि गुजराती दोन्हींत, आणि 'नको' म्हटलं की उठायची मोकळीक. सरासऱ्यांचे दोन खांब काढू नकोस. साठही ठिपके एका आलेखावर मांड. बरेच रुग्ण निरोगी लोकांच्या गर्दीतच सापडतील, ते झाकायचं नाही.

कड्यांची कार्डं माझ्याकडे दोन संच आहेत, एक तू ने. दांडियाबाजारात गुरुवारी संध्याकाळी असते. येताना तुझा लॅपटॉप आण, चमक बंद करण्याचा पर्याय त्यात कुठे दडवलाय ते आपण आधी शोधू. आणि घरी गौरीचा पितळी मुखवटा असेल तर तोही आण, माझा वहिनीकडे गेलाय.